फलकावरची अक्षरे कोणाची?

दलित साहित्याची चर्चा आपण पन्नासहून अधिक वर्षे करीत आलो आहोत. कवितेची चर्चा झाली, कथेची झाली, आत्मकथनांची तर परदेशापर्यंत झाली. जलसा आणि शाहिरी यांचीही नोंद आता घेतली जाऊ लागली आहे. परंतु भिंतीवरची घोषणा, हातोहात जाणारे पत्रक आणि चौकातला फलक या माध्यमांवर चळवळीने एवढा मोठा भार टाकला, तरी त्यांच्याकडे आपल्या समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. पत्रक दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, भिंतीवर नवा चुना बसतो, हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक खोल आहे. भिंत रंगविणारा 'पेंटर' असतो, 'कलावंत' नसतो. हाताने काम करणाऱ्याला कमी लेखणारी जी व्यवस्था आपण नाकारतो, तिचीच सावली आपल्याही विचारावर पडलेली आहे.

ज्याला आज 'ग्राफिक डिझाइन' म्हणतात, त्याला मी या लेखात 'मांडणी' म्हणणार आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत विद्यार्थ्यांबरोबर पत्रके आणि भित्तिपत्रके तयार करताना माझे एक मत बनले. मांडणी ही सजावट नव्हे, तो निर्णय आहे. कोण मोठा दिसावा, कोणी बोलावे, आधी काय वाचले जावे, कोणाचा चेहरा दाखवावा आणि कोणाचा झाकावा, हे ज्याच्या हाती असते, फलक त्याचा असतो. म्हणून चळवळीचा फलक चांगला आहे काय, या प्रश्नाआधी तो कोणी ठरविला, हा प्रश्न विचारला पाहिजे.

१. एका नावाचा लढा

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. नामांतराचा लढा हा एका अर्थाने फलकावरच्या अक्षरांचाच लढा होता. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली, विहिरी बाटविल्या गेल्या, माणसे परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे ऑगस्ट १९७८ मध्ये मारले गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेड शहरात आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव प्रत्यक्षात आले. ठराव आणि नाव यांच्यामध्ये जवळजवळ सोळा वर्षे गेली.

चार शब्द फलकावर चढू नयेत म्हणून एवढी हिंसा का झाली? ज्यांना अक्षर नाकारले होते, त्यांचे अक्षर ज्ञानमंदिराच्या दारावर कोरले जाणार होते, म्हणून. विरोधकांना फलकाचे सामर्थ्य नेमके कळले होते. आपल्या माणसांनाही ते कळले होते. म्हणूनच औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठाचे प्रवेशद्वार हे चळवळीचे चित्रचिन्ह झाले. दर १४ जानेवारीला हजारो लोक त्या दारापुढे नतमस्तक होतात. दिनदर्शिकांवर, पत्रिकांवर, घराच्या भिंतींवर ते द्वार रेखाटलेले दिसते. कोणत्या कचेरीने हे चिन्ह ठरविले नाही, लोकांनी ठरविले.

हीच गोष्ट गावातल्या वस्तीच्या पाटीची. 'महारवाडा', 'मांगवाडा' ही नावे पुसून 'भीमनगर', 'समतानगर' असे निळ्या रंगात लिहिण्याचे काम वस्त्यांनी आपल्या हिमतीवर कितीतरी आधी सुरू केले. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा शासननिर्णय महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये निघाला. शासनाचा कागद ब्रशच्या मागून आला.

२. साधनांच्या दारिद्र्यातून आलेली शैली

मांडणीचा विचार आपल्या परंपरेत नवा नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले, तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांच्या ओळी होत्या. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले, तेव्हा त्याच्या शिरोभागी ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. पत्राचे मस्तक कसे असावे, त्यावर कोणाला उभे करावे, हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. ज्या संतवाणीचा वारसा उच्चवर्णीय स्वतःचा म्हणून मिरवीत होते, तिच्यावर पहिल्याच पानावर हक्क सांगितलेला होता.

पुढे १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली आणि गावोगाव पत्रके निघू लागली. त्या काळी छपाईला पैसा नव्हता. सायक्लोस्टाइलचा स्टेन्सिल लोखंडी लेखणीने कोरायचा, शाई लावायची आणि प्रती काढायच्या. स्टेन्सिलवर छायाचित्र येत नाही, बारीक छटा येत नाहीत, फक्त रेषा येते. भिंत रंगवायची तर गेरू, काजळी, चुना आणि नीळ एवढाच रंगसंभार. सरस घातला तर रंग टिकतो, नाही तर पहिल्याच पावसात वाहून जातो. या टंचाईतून एक शैली आली. जाड रेषा, एकच रंग, थोडे शब्द आणि मोठे अक्षर. ज्याला नंतर कोणी 'कच्चेपणा' म्हणाले, तो त्या परिस्थितीतला नेमकेपणा होता.

दूर अमेरिकेतही असेच घडलेले दिसते. आपल्या पँथरने ज्यांचे नाव घेतले, त्या ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना १९६६ मध्ये झाली. १९६७ पासून निघालेल्या त्यांच्या वृत्तपत्राची चित्रे आणि मांडणी एमरी डग्लस करीत. स्वस्त छपाईत काळ्या शाईबरोबर आणखी एखादाच रंग परवडे. त्यामुळे त्यांची रेषा जाड झाली, रंगाचे पट्टे सपाट झाले. वस्तीतल्या पुष्कळ लोकांना लांब मजकूर वाचण्याची सवय नव्हती. त्यांनी चित्रावरून विचार उचलावा, ही त्यांची दृष्टी होती. त्यांच्या चित्रांत घर झाडणारी बाई, नातवंड कडेवर घेतलेली आजी ही माणसे आहेत आणि ती ताठ उभी आहेत.

३. आपले चित्र कोण काढतो?

आपण आपले चित्र काढले नाही, तर दुसरा कोणी तरी ते काढतोच. १९३२ ते १९५६ या काळात इंग्रजी वृत्तपत्रांत बाबासाहेबांवर आलेली व्यंगचित्रे उन्नमती श्याम सुंदर यांनी परिश्रमाने शोधली आणि २०१९ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती पाहताना ध्यानात येते की अनेक चित्रांत बाबासाहेब लहान, हट्टी किंवा वाट अडविणारे म्हणून रेखाटले आहेत. विचाराला उत्तर देता येत नाही, तेव्हा आकार लहान करता येतो. १९४९ मधले शंकर यांचे गोगलगायीचे व्यंगचित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आले आणि त्यावरून २०१२ मध्ये मोठा वाद झाला. त्या वेळी पुष्कळांनी आपल्याला 'विनोदबुद्धी नाही' असे ऐकविले. प्रश्न विनोदबुद्धीचा नव्हता. वर्गात बसलेल्या आपल्या मुलाने ते चित्र कोणत्या नजरेने पाहावे, हे दुसऱ्याने ठरविण्याचा होता.

याच्या उलट लोकांनी घडविलेली बाबासाहेबांची प्रतिमा पाहा. निळा कोट, हातात संविधानाचा ग्रंथ, पुढे केलेले बोट. ही प्रतिमा नामांकित कलाशाळेतून आली नाही. मूर्तिकार, कॅलेंडर छापणारे, पेंटर आणि वर्गणी देणारे लोक यांनी मिळून ती पक्की केली. शिल्पाच्या कसोटीवर एखाद्या पुतळ्यात दोष काढता येतील. पण ज्याच्या वाडवडिलांना अंगभर कपडा घालू दिला नाही, त्याला कोटाचा अर्थ कोणी शिकवावा लागत नाही. सामूहिक निर्मितीचा याहून मोठा दाखला आपल्याकडे नाही.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेले 'भीमायन' हेही एक उदाहरण घेण्यासारखे आहे. बाबासाहेबांच्या जीवनावरील या चित्रग्रंथाची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी काढली. चित्रकथेतले ठरावीक चौकोन त्यांनी नाकारले. माणसांना खोक्यांत कोंबणे त्यांना मान्य नव्हते. दुसऱ्याची लिहिलेली संहिता हाती असतानाही त्यांनी स्वतःची मांडणी सोडली नाही. सहकार्य म्हणजे एकाने सांगावे आणि दुसऱ्याने रंगवावे असे नव्हे, एवढे यावरून समजावे.

४. फ्लेक्स आला आणि प्रश्न गेला

आज नांदेड किंवा लातूरच्या कोणत्याही चौकात उभे राहिले, तर आकाश फ्लेक्सने झाकलेले दिसते. वर महापुरुष, मध्ये नेते, खाली वर्गणीच्या प्रमाणात लहानमोठे पंचवीस-तीस चेहरे. मागणी कुठेच नाही. भिंतीवर लिहिताना शब्द मोजावे लागत. फ्लेक्स चौरस फुटाच्या दराने मिळतो, म्हणून तो चेहऱ्यांनी भरतो. संगणकावर तयार साचे असतात, त्यात फोटो बदलला की काम संपते. शिवाय हे प्लास्टिक कुजत नाही आणि बसस्थानकाजवळच्या पेंटरचा ब्रश मात्र वाळून गेला आहे.

तरीही त्या तरुणांची थट्टा करण्यात अर्थ नाही. ज्याच्या बापाचा चेहरा रेशनकार्डापलीकडे कुठे लागला नाही, त्याला चौकात आपला चेहरा पाहावासा वाटणे ही माणूसपणाचीच भूक आहे. दोष त्या भुकेचा नाही. चेहरा लागला, पण गायरानाचा प्रश्न, शिष्यवृत्तीचा प्रश्न, पाण्याचा प्रश्न फलकावरून उतरला, हे दुखणे आहे. १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून तो झाला, असा आरोप आहे. जयंतीचा फलक लावणे आजही जिवावर बेतू शकत असेल, तर त्या फलकावर काय लिहायचे, हा प्रश्न क्षुल्लक कसा म्हणावा?

५. वाट दाखविणारा कागद

लातूर जिल्ह्यातील एका गावाचे उदाहरण सांगतो. गावाचे नाव देत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेले नाही. वस्तीची स्मशानभूमी नाल्यापलीकडे आहे आणि तिकडे जाणारी वहिवाटीची वाट एका शेतकऱ्याने काटेरी तार लावून बंद केली. पावसाळ्यात नाल्याला पाणी येते, तेव्हा प्रेत छातीभर पाण्यातून न्यावे लागते. माझ्या काही विद्यार्थ्यांनी त्यासाठी भित्तिपत्रक तयार केले. त्यात आवळलेली मूठ होती, तुटलेली साखळी होती आणि रडणारी म्हातारी होती. चित्र हातखंडा होते.

वस्तीत ते दाखविले, तेव्हा बायका बराच वेळ पाहत राहिल्या. मग एक वृद्ध आई म्हणाली, "आमचं रडणं कशाला दावता, सर? वाट दावा. कुठं अडवलीय ते दावा." दुसरी म्हणाली, "आन् तार बी दावा. तार लावल्याबिगर कुणाला कसं कळंल?"

त्या दोन वाक्यांनी सगळी मांडणी बदलली. ओट्यावर बसून बायकांनी बोटाने मातीत वस्ती, विहीर, चिंचेचे झाड, नाला, तार आणि स्मशानभूमी अशी आखणी केली. एका मुलाने ती कागदावर उतरविली. गट क्रमांक आणि गावनकाशावरील खुणा एका निवृत्त कोतवालाने सांगितल्या. कायद्याचा मजकूर एका तरुण वकिलाने दिला. वाटेतील अडथळा दूर करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते आणि ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. अनुसूचित जातींच्या माणसांना स्मशानभूमीचा किंवा रस्त्याचा वापर करू न देणे, हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली स्पष्ट गुन्हा आहे. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. हे दोन मुद्दे पाठीमागच्या बाजूला चार सोप्या ओळींत आले. पुढच्या बाजूला फक्त नकाशा, तांबड्या रंगात तार आणि वर एकच ओळ: आमच्या मेलेल्या माणसाने कोणत्या वाटेने जावे?

तो कागद चार घड्या करून खिशात मावत होता. वस्तीतल्या प्रत्येक घरी गेला, ग्रामसभेत गेला, तहसील कचेरीत अर्जाला जोडला गेला. अधिकाऱ्याला रडणाऱ्या म्हातारीच्या चित्रावर सहानुभूती व्यक्त करून उठता आले असते. नकाशावर त्याला बोट ठेवावे लागले. तार कुठे आहे, हे विचारावे लागले. वाट अजून पूर्ण मोकळी झालेली नाही, परंतु मोजणीचा आदेश निघाला आणि पहिल्यांदा वस्तीतल्या बायका मोजणीच्या वेळी हजर राहिल्या.

लातूरला अशा सहकार्याची पूर्वपीठिकाही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरे दुरुस्त करण्याच्या कार्यक्रमात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले होते. अभियंत्याची भाषा घरापर्यंत नेण्याचे आणि घराची अडचण अभियंत्यापर्यंत आणण्याचे काम गावातल्या बायकांनी केले. माहिती नुसती छापून पोहोचत नाही, ती माणसातून पोहोचते.

६. दुःखाचे चित्र

इथे एका नाजूक प्रश्नाला हात घालणे भाग आहे. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजी हत्याकांडानंतर मृतदेहांची छायाचित्रे पत्रकांतून आणि संगणकावरून पसरली. त्यांनी झोपलेल्या लोकांना जागे केले, हे खरे. पण ज्यांच्या देहाची विटंबना झाली, त्यांच्या विटंबनेचेच चित्र आपण पुनःपुन्हा फिरवावे काय?

अमेरिकेत १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाची हत्या झाली, तेव्हा त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली आणि आपल्या मुलाचे काय केले ते जगाला पाहू द्यावे, असे ठरविले. ते छायाचित्र छापले गेले आणि एक पिढी पेटून उठली. परंतु तो निर्णय आईचा होता. माझ्या मते कसोटी हीच. दुःख ज्याचे, त्याच्या संमतीवाचून त्याचे चित्र लावू नये. फिर्यादीचे, साक्षीदाराचे, बालकाचे नाव आणि चेहरा तर कधीच नाही. व्हॉट्सअॅपवर टाकलेला फोटो परत घेता येत नाही, आणि त्याच गावात त्या माणसाला उद्या दळण घेऊन जायचे असते.

७. काही व्यावहारिक गोष्टी

कार्यकर्त्यांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी थोडक्यात नोंदवितो. एका कागदावर एकच मागणी असावी. सभेचे पत्रक असेल, तर स्थळ, वार आणि वेळ वाकून पाहावी लागू नये. दहा फुटांवरून वाचायचे अक्षर निदान इंचभर उंच हवे, असा ढोबळ हिशेब धरावा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त सोडावे. निळ्यावर तांबडे अक्षर डोळ्यांत थरथरते. निळ्यावर पांढरे किंवा पिवळे स्वच्छ दिसते. पत्रकाची झेरॉक्स निघणारच आहे, हे धरून चालावे. फोटो काळा पडतो, रेषा टिकते. संगणकावर मजकूर युनिकोडमध्येच घ्यावा. 'मुक्त'सारखे चांगले देवनागरी टंक विनामूल्य मिळतात, आणि युनिकोडमधला मजकूर मोबाइलवर तसाच पाठविता येतो, शोधता येतो.

फ्लेक्सला पर्याय आहेत. लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटिंगवाले तालुक्याच्या गावी असतात आणि लग्नसराई संपली की त्यांचे काम कमी होते. लाकडी चौकट, ताणलेले जाळीचे कापड आणि रबराची पट्टी एवढ्या साधनांवर विद्यार्थीही एका दिवसात छपाई शिकतात. कापडी फलक धुऊन पुन्हा वापरता येतो. भिंतीवर लिहायचे, तर घरमालकाची परवानगी घ्यावी. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्धचा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा आपल्यावर आधी लावला जातो, हा अनुभव आहे.

छापण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. मजकूर हाताने झाकून, वाचता न येणाऱ्या माणसाला विचारावे: यात काय दिसते? त्याचे उत्तर आणि आपली मागणी जुळली, तरच कागद छापखान्यात न्यावा. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिसच्या कलाशाळेत विद्यार्थी आणि कामगार यांनी मिळून भित्तिपत्रके काढली, तेव्हा प्रत्येक चित्र सभेपुढे ठेवले जाई आणि दोनच प्रश्न विचारले जात: विचार बरोबर आहे काय, आणि चित्र तो नीट पोहोचविते काय? हे दोन प्रश्न आपल्यालाही पुरे आहेत.

मात्र त्यांची एक गोष्ट आपण जशीच्या तशी घेऊ नये. त्यांनी आपल्या चित्रांवर सह्या केल्या नाहीत. ज्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लागत आली, त्यांना निनावी राहण्याचा त्याग करता येतो. ज्याचे नाव कधीच कुठे लागले नाही, त्याला निनावीपणाचा उपदेश करणे म्हणजे जुनेच वाटप नव्या शब्दांत करणे होय. पेंटरचे नाव कोपऱ्यात राहू द्यावे, त्याला मजुरी द्यावी. नकाशा आखणाऱ्या बायकांची तयारी असेल, तर त्यांच्या मंडळाचे नाव लिहावे.

महाविद्यालयांत शिकविणाऱ्या आपण मंडळींना एक काम ताबडतोब करता येण्यासारखे आहे. नामांतराच्या काळातील पत्रके, स्टेन्सिलच्या प्रती, जुन्या फलकांची छायाचित्रे अजून कार्यकर्त्यांच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर पडून आहेत. ते कार्यकर्ते आता वृद्ध झाले आहेत. विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवावे, कागदांची छायाचित्रे घ्यावीत, ती कोणी कोरली, शाई कुठून आणली, रात्री कोणत्या भिंती रंगविल्या आणि पोलीस आले तेव्हा डबा कोठे लपविला, हे विचारून लिहून घ्यावे. कवितेच्या जोडीने हाही आपल्या साहित्याचा ऐवज आहे. आणि हे करता करता त्या विद्यार्थ्याच्या हाती एक ब्रश द्यावा. त्याच्या वस्तीत आज कोणती वाट अडविलेली आहे, हे त्याला ठाऊक असते.